ठेका तू लावायचीस

माय,

रविवारी खानावळीतली जुनी पोरं भेटली. पोरं म्हणायचं आपलं. एकाचं डोकं पार चकचकीत झालंय, एक तर आजोबा झालाय. तिथं जे झालं ते बायकोला सांगितलं. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "पण तुम्हाला काय वाटलं?" इथं माझी गाडी नेहमी अडते. तू असं कधी विचारायची नाहीस, म्हणून तुला लिहायला बसलो.

उस्मानपुऱ्यातल्या त्या दोन खोल्या मला अजून दिसतात. पुढं सतरंज्या टाकलेल्या, मागं तू, शेगडी आणि पिठाचे डबे. बापू मेंढरं घेऊन गोदावरीच्या काठाकाठानं फिरायचे, आणि मला शाळा मिळावी म्हणून तू बिडकीनजवळचं गाव सोडून एकटी मला घेऊन शहरात आलेलीस. आधी कॉलेजच्या पोरांना डबे दिलेस, मग पोरंच जेवायला यायला लागली. तुझा आवाज माळावरचा होता. लांब गेलेल्या मेंढराला हाक मारावी तसं तू विचारायचीस, "भाकर वाढू का रं?" आणि समोरच्या गल्लीतला माणूस वळून बघायचा. मी पंगतीत बसलो की माझी बोटं ताटावर चालायला लागायची. मला कळायचंही नाही. मागच्या खोलीतून तू ओरडायचीस, "हात आवर रं! ताट हाय ते, ढोल नाय. लई हौस आसंल तर जा बापामागं, मेंढरं वळ!" पोरं हसायची. मी बोटं मांडीखाली दाबून बसायचो.

मी बारावीत असताना तुझा आवाज बसला. मिठाच्या गुळण्या झाल्या, हळदीचं दूध झालं, ज्येष्ठमध झालं. बसला तो उठलाच नाही. सरकारी दवाखान्यात डॉक्टरांनी मला व्हरांड्यात नेऊन सांगितलं, गाठ आहे, स्वरयंत्र काढावं लागेल, त्यानंतर बोलणं बंद. मी आत येऊन तुला ते जसंच्या तसं सांगितलं. तू खाटेवर पाय खाली सोडून बसलेली. घोगऱ्या आवाजात विचारलंस, "जेवता यील का?" मी म्हटलं, "येईल." "मग काढा म्हणावं." नंतरही तू काहीबाही बोलली असशील, पण मला आठवतं ते हे शेवटचं.

घरी आलीस तेव्हा गळ्याला खाली भोक होतं आणि त्यावर पांढरा फडका बांधलेला. श्वास तिथून जायचा-यायचा, त्याची शिट्टीसारखी बारीक सूर्र ऐकू यायची. खानावळ तू बंद ठेवली नाहीस. पण पोरं दबकत जेवायला लागली, चावताना आवाज होईल म्हणून लाजल्यासारखी. काही हवं असलं तरी मागायची नाहीत. तू पातेल्यावर पळी आपटून विचारायचीस आणि ती घाईघाईनं मान हलवायची, पुरे म्हणून. मीही तुझ्याशी कमी बोलायला लागलो होतो. उत्तर येणार नाही त्या माणसाशी काय बोलायचं ते कळत नव्हतं.

मग एका दुपारी तू मला दंडाला धरून शहागंजात घेऊन गेलीस. जुने रेडिओ, टेप, मिक्सर विकणाऱ्या एका चाचांच्या दुकानापुढं थांबलीस आणि फळीवरच्या जुन्या की-बोर्डवर बोट ठेवलंस. मग ते बोट गळ्यावरच्या फडक्याला लावलंस, मग माझ्या छातीला, आणि हात घराच्या दिशेनं झटकलास. चाचांनी विचारलं, "अम्मी क्या बोलरई बेटा?" मी म्हटलं, "मालूम नहीं." त्यांनी तुझ्या फडक्याकडे पाहिलं, चष्मा वर केला आणि म्हणाले, "घर सुन्ना हो गया बोलरई. बजा के देख." मी वाजवून पाहिलं. एक पट्टी दबत नव्हती. तू तेवढ्यात पैसे देऊन, पदर खोचून की-बोर्ड डोक्यावर उचललाही होतास. रस्ताभर लोक बघत होते आणि मी तुझ्यामागून वायर धरून चाललो होतो.

त्या की-बोर्डवर वरच्या बाजूला तयार ठेक्यांची बटणं होती. वॉल्ट्झ, रुंबा, मार्च, डिस्को अशी इंग्रजीत नावं लिहिलेली. तुला आपलंच वाचता येत नव्हतं, ती कुठून वाचणार. भाताला वाफ यायची वाट बघता बघता तू ओल्या हातानं कुठलंही बटण दाबायचीस आणि माझ्याकडे बघायचीस. ठेका तुझा, त्यावर चाल मी शोधायची. सिनेमातलं गाणं वाजवायला लागलो तर माझं मनगट धरून हात बाजूला करायचीस. नवं पाहिजे असायचं. चाल आवडली तर मान हलायची. नाही आवडली तर दुसरं बटण. पोरं आता मोठ्यानं जेवायला लागली. पिठलं-भाकरी रुंब्यावर, आणि सणाला पुरणपोळी मार्चवर. त्यातला एक जण आत डोकावून म्हणायचा, "मावशी, आज डिस्को लावा ना," आणि तू मुद्दाम वॉल्ट्झ लावायचीस. बटणं तुझी पाठ झाली होती. खोडीही पाठ झाली होती.

तू गेलीस तेव्हा मी वाळूजला कामाला लागलो होतो. निरोप आला, हातातलं काम दुसऱ्याकडे दिलं, घरी आलो, करायचं ते सगळं केलं. रडू आलं नाही. येईल म्हणून वाट पाहिली. तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी की-बोर्ड पुढ्यात घेतला आणि डिस्कोचं बटण दाबून त्यावर एक नाचरी चाल बसवायला लागलो. मामा दारात येऊन उभा राहिला. "लाज हाय का रं? माय जाऊन पंधरवडा नाय झाला." मी आवाज बारीक केला. थांबलो नाही. बापू ओसरीवर बसले होते.

तेव्हापासून हे चालूच आहे. आता कॉम्प्युटर आहे, त्यात सनई आहे, चेलो आहे, हलगी आहे. सुट्टी असली की बसतो. हलगीवर जाझ केलंय. कव्वालीच्या टाळ्या वाजतात आणि गाणारा कुणी येतच नाही, असंही एक आहे. चर्चमधला ऑर्गन, धनगरी ढोल, लहान पोरांच्या खेळण्यासारखी टिणटिण, सगळं करून झालं. चाल पुरी झाली की बरं वाटतं का, तर हात धुतल्यासारखं वाटतं. त्याहून जास्त नाही. बायको म्हणते, "एखादीत तरी शब्द घाला." मी म्हणतो, "बघू."

तर रविवारी. त्या टक्कलवाल्यानं महिनाभर आधी फोन करून सांगितलं होतं, "मावशींवर एक धून करून आण, जेवताना लावू." त्याच्याच घरी सगळे जमलो. मी स्पीकर नेला आणि वॉल्ट्झवरची एक धून लावली. सगळे जेवायला लागले. तो आजोबा झालेला घास हातात धरून थांबला, डोळे पुसले आणि म्हणाला, "मावशी समोर आल्या, यार." मला ते पटेना. मी स्पीकर बंद केला. "ही तिच्यावरची नाही," मी म्हटलं. "मागच्या वर्षी बिडकीनच्या रस्त्याला गाडी पंक्चर झाली होती, तिथं बसल्या बसल्या सुचली." मग तोच म्हणाला, "असू दे. पुन्हा लाव." मी पुन्हा लावली. तो आता गदगदून रडत होता. मी त्याच्या ताटाकडे बघत होतो. वरण ओघळून जिलेबीला लागत होतं आणि मला एवढंच वाटत होतं की कुणीतरी ती जिलेबी बाजूला करावी.

हात धुताना टक्कलवाल्यानं विचारलं, "तिच्यावर का नाही केलीस रे?"

"प्रयत्न केला. जमलं नाही."

त्यानं ओल्या हातानं माझी पाठ थोपटली. "होतं असं," म्हणाला.

गावाकडून पत्र आलं की तू ते माझ्यापुढं धरायचीस आणि मी मोठ्यानं वाचून दाखवायचो. हे वाचून दाखवायचं तर ते मलाच करावं लागेल, आणि रिकाम्या खोलीत मोठ्यानं वाचायची माझी तयारी नाही. राहू दे इथंच. पण एक तुला सांगतो, त्यांना सांगितलं नाही. माय, मी प्रयत्न केलेला नाही. तुझ्यावर धून करायची म्हणून मी एकदाही बसलो नाही.