बदकांची वहिवाट

दि. ४ मार्च

चि. बारक्यास ताईचे आशीर्वाद.

मी बरी आहे. तू बरा असशीलच, कारण मला न विचारता माझ्या दारात मोजणीदार पाठवण्याइतकी तुझी तब्येत चांगली दिसते. काल तो आला. तुझ्या बाजूला खुंट्या ठोकल्या आणि एक खुंटी सरळ आपल्या दोघांच्या जागांमधून तळ्यावर उतरणाऱ्या वाटेत. सामाईक वाटेच्या बरोब्बर मधोमध! मी विचारलं हे काय, तर म्हणाला तुमच्या भावाचं घर. पाण्यापासून तीस मीटरच्या आत पक्कं बांधकाम चालत नाही म्हणून घर मागं सरकलं, मागं खडक लागला म्हणून बाजूला सरकलं. घर आहे की म्हैस, अशी सरकायला?

वाट बंद झाली तर माझ्या बदकांनी पाण्यावर कुठून जायचं? अंडी विकून चूल पेटते माझी. पाणी नाही तर बदक नाही, बदक नाही तर मी नाही. खुंटी मी उपटली. मजबूत आहे. अंगणात ठोकून तिला कपड्यांची दोरी बांधलीय.

उत्तर लगेच टाक. बायकोला आशीर्वाद सांग. राग तुझ्यावर आहे, तिच्यावर नाही.

लोभ आहे, पण सध्या आवरून धरलाय.

तुझी ताई

दि. ११ मार्च

ती. ताईस शि. सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. पोस्टमनचेही हात भाजले असतील. खुंटी सरकारी आहे, ओली गोधडी तरी टाकू नकोस तिच्यावर.

आधी तुला विचारायला हवं होतं, चुकलं. पण कचेरीचा नियम असा आहे की सामाईक वाट वहिवाटीत असली तरच राहते. कुणी वापरत नसेल तर बंद करता येते. अर्जात मी ‘वापर नाही’ असं लिहिलं. खोटं लिहिलं का, तूच सांग. बदकांना वहिवाट लागू नाही, माणसांनाच आहे, असं साहेब हसून म्हणाले. आणि दाजींची नाव रिकामी परत आली त्या दिवसापासून तू वाटेवरच्या काळ्या धोंड्याच्या पुढं पाऊल टाकलेलं नाहीस. बदकं आपली आपण जातात, तू वरून हाका मारतेस. त्यांना रस्त्यानं वळसा घालून नेता येईल.

नोकरी संपली. तू तिथं एकटी, माझा जीव इथं थाऱ्यावर नाही. तुझ्याजवळ राहता यावं म्हणून तर हे घर. तरी पंचवीस तारखेला साहेब पाहणीला येतील. वाट चालती दिसली तर माझा अर्ज फेटाळतील.

रागावलीस तरी लोभाची गाठ सोडू नयेस, ही विनंती.

बारक्या

ता. क. वन्सं, यांनी लिहिलं नाही ते मी लिहिते. नकाशात यांनी एकच मोठी खिडकी काढलीय. मला वाटलं तळ्याकडे असेल. ती तुमच्या दाराकडे आहे.

दि. २६ मार्च

चि. बारक्यास आशीर्वाद.

रस्त्यानं वळसा म्हणे! मालमोटारींखाली बदकांच्या चपात्या होतील. तुझं पत्र आल्यापासून हात कामाला लागेनात. अंडी पुसायला घेतली तर फुटली. अंगणात नुसत्या येरझाऱ्या घातल्या. तू खोटं लिहिलं नव्हतंस, त्याचाच जास्त राग आला.

काल साहेब आले. धोंड्यापाशी उभे राहून म्हणाले, बाई, बदकं दिसली, आता माणूस दाखवा. माणूस म्हणजे मीच, दुसरं कोण आहे इथं? पुढं ती पांढरी भवानी, तिच्यामागं बाकीची, शेवटी मी. माझ्यापेक्षा बदकं सरळ चालत होती. घोट्याइतक्या पाण्यात जाऊन उभी राहिले आणि तुझ्या दाजींना तोंडाला येईल ते ऐकवलं. आभाळ भरलेलं असताना जाऊ नका म्हटलं होतं मी! साहेबांनी पाठ फिरवली. भला माणूस. मी वर आल्यावर त्यांनी कागदावर लिहिलं, वाट चालू.

तेव्हा तुझं घर वाटेवर होणार नाही. माझ्याजवळ यायला निघालास आणि माझीच वाट बुजवत होतास, अक्कल काय गहाण टाकली होतीस? उरलेल्या जागेत दोन खोल्या होतात, मी पावलं टाकून पाहिलंय. खिडकी आहे तिथंच ठेव. मात्र रोज सकाळी माझं तोंड बघावं लागेल, ते बायकोला विचारून घे.

आज पाहणीला कुणी नव्हतं. तरी बदकांमागं खाली जाऊन आले. चढताना गुडघा धरतो, हाताला माणूस लागतं. लवकर या.

लोभ आवरून धरला होता, तो सोडलाय.

तुझी ताई