मोठ्यानं वाचा, मग लिहा

३ तारीख, सोमवार

वह्या भरणाऱ्या बंधुभगिनींनो! सवय जात नाही. रोजनिशीसुद्धा सभेसारखीच सुरू होते. तुम्ही मीटर वाचता, हजेरी मांडता, रोग्याचा ताप बघून तक्त्यावर लिहिता. आपलं गाऱ्हाणं एकच आहे: आकडा सगळ्यांना हवा असतो, तो वाचणारा माणूस कुणालाच नको असतो. बावीस वर्षं कारखान्याच्या फाटकावर उभा राहून मी हेच सांगत आलो. फाटक बंद झालं, आणि आज मी स्वतःच आकडे वाचायच्या नोकरीला लागलो. हसायचं तर हसा. बायको सकाळपासून हसतेच आहे.

पण जागा झकास मिळाली. बंगल्यामागं दोन खोल्या, पूर्वेला खिडकी, नळाला दिवसभर पाणी. बायकोनं सामान सोडायच्या आधी पडदे लावले आणि म्हणाली, आता जरा गप्प बसून जगू या.

काम बंगल्याच्या तळघरात. मालकीणबाईंच्या यजमानांनी जमवलेल्या अकराशे वाइनच्या बाटल्या तिथं आडव्या निजल्या आहेत. आडव्या, कारण बूच आतून ओलं राहायला हवं. बाहेरची हवा कोरडी पडली तरी बूच आकसतं, वारा आत शिरतो आणि वाइन आंबते. म्हणून तापमान तेरा अंश, आर्द्रता सत्तर टक्के. सकाळी आठला आणि दुपारी चारला काटे बघायचे. यजमान गेले, पण त्यांची एक शिस्त बाईंनी राखली आहे: आकडा आधी मोठ्यानं वाचायचा, मग लिहायचा. म्हणजे चूक होत नाही म्हणे.

मुलाखतीत शिक्षण विचारलं नाही. वर्तमानपत्रातला एक उतारा वाचायला दिला, डोळे मिटून ऐकला, आणि म्हणाल्या, भरदार आवाज आहे हो तुमचा. इतक्या वर्षांत मालक मंडळींकडून मिळालेली ही पहिली पावती.

६ तारीख, गुरुवार

सतरा पायऱ्या. खाली गारवा, ओल्या लाकडाचा वास, एक पिवळा दिवा. भिंतीवर काट्यांच्या दोन गोल तबकड्या, शेजारी बाटल्यांच्या लाकडी मांडणीवर नोंदवही. कोपऱ्यात हवा दमट ठेवणारं यंत्र.

आवाज काय घुमतो तिथं! आज वाचन झाल्यावर राहवलं नाही. संपाच्या तेविसाव्या दिवशीचं भाषण अख्खं म्हणून काढलं. अकराशे श्रोते, एकही उठून जात नाही, कुणी खोकत नाही. चाळीस मिनिटांनी आर्द्रतेचा काटा बघितला तर चौऱ्याहत्तर. माणसाच्या श्वासाची वाफ असणार. बाईंना वही दाखवली तर त्यांचा चेहरा उजळला. म्हणाल्या, वेळ असेल तेव्हा बोलत जा, संकोच करू नका.

११ तारीख, मंगळवार

रोज तासभर बोलतो. घसा बसला आहे. ओठ फुटले. बायको म्हणाली, बाटल्यांनाही सोडत नाही तुम्ही. तिनं मिठाच्या गुळण्या करायला लावल्या आणि औषधाच्या बाटलीवरची चिठ्ठी खणखणीत वाचून दाखवली. जन्मभर प्राथमिक शाळेत श्रुतलेखन सांगितलेली बाई ती. तिला मनात वाचताच येत नाही. मिठाची पुडी असो की लग्नपत्रिका, मोठ्यानं वाचल्याशिवाय अर्थ पोचत नाही म्हणते.

मालकीणबाई अंगणातून जात होत्या. थांबून ऐकत राहिल्या.

१५ तारीख, शनिवार

थकवा जात नाही. तांब्याभर पाणी प्यालं तरी जीभ कोरडीच, टाळूला चिकटते. पट्ट्याला नवीन भोक पाडावं लागलं.

आज यंत्रात पाणी भरावं म्हणून झाकण काढलं. टाकी कोरडी ठणठणीत. आत कोळ्याचं जाळं, तेही जुनं. वायर भिंतीपर्यंत पोचतच नाही. टोक कापलेलं आहे.

मग हे सत्तर टक्के येतात कुठून?

जुन्या नोंदवह्या चाळल्या. माझ्याआधी इथं रेडिओवर बातम्या देणारे एक गृहस्थ होते, त्यांच्याआधी लिलाव पुकारणारा एक माणूस. दोघांचंही अक्षर सुरुवातीला ठसठशीत, महिनाभरात थरथरतं, मग नुसते आकडे, मग कोरी पानं. स्वयंपाकाच्या बाईंना विचारलं. म्हणाल्या, भाऊ, बातम्यावाले शेवटी खुणेनं चहा मागायचे. कुठं गेले ते विचारू नका, मीही विचारलं नाही, मला घर चालवायचं आहे.

१७ तारीख, सोमवार

सकाळी आकडा मनात वाचला. तोंड मिटून. चारला पुन्हा गेलो तर एकसष्ट. बुचांमधून बारीक कुरकुर येत होती, जशी भुकेल्या पोटातून येते.

भीतीनं तोंडातून नुसतं "अरे" निघालं. माझ्या डोळ्यांदेखत काटा दोन घरं चढला.

श्वासाची वाफ नव्हे. भुकेल्यावर एका शब्दाला दोन टक्के — माझ्यातले.

बाई वरच्या पायरीवर उभ्या होत्या. शांतपणे म्हणाल्या, आज वाचलं नाहीत वाटतं.

१८ तारीख

आवाज गेला. खरवडल्यासारखी हवा येते, बस. कामावर जाणार नाही असं पाटीवर लिहून बाईंना दाखवलं. त्या म्हणाल्या, विश्रांती घ्या, घाई नाही. माझ्याशी बोलताना त्या आमच्या खिडकीकडे बघत होत्या. आत बायको पेपर वाचत होती.

२० तारीख

माझ्या जागी वाचाल का, असं बाईंनी बायकोला विचारलं. ती हो म्हणाली.

चार पानं भरून सगळं लिहून दिलं तिला. तिनं मोठ्यानं वाचलं, चष्मा काढला, माझ्या पाठीवरून हात फिरवला. म्हणाली, अहो, बावीस वर्षं तुम्ही मालकांना रक्तपिपासू म्हणालात, आता तळघराला म्हणता. आवाज गेल्याचं दुःख कळतं मला. पण दिवसातून दोन आकडे वाचायचे, त्यानं का कुणी मरतं?

माझाच शब्द. फाटकावर इतका वापरला की झिजून गेला. आज खरा ठरला तर त्याला धारच नाही.

२२ तारीख

काल दोन्ही काटे दगडानं फोडले. दुपारपर्यंत बाईंनी नवे लावले. रागावल्या नाहीत. सवय असावी.

तिचे ओठ फुटले आहेत. म्हणते, हवा बदलली ना, त्यानं होतं.

मनगट धरून तिला बंगल्याच्या फाटकापर्यंत ओढत नेलं. पण माझ्याच हातात जोर नाही — तिनं हळूच सोडवून घेतलं, जसं आजारी माणसाचं सोडवतात.

२४ तारीख

चारच्या वाचनाहून ती नाचत आली. म्हणाली, बरे झालात आणि मला सांगितलं नाहीत? खालून तुमचं भाषण ऐकलं मी. तेविसाव्या दिवसाचं. शेवटी मला नावानं हाक मारलीत.

मी इथं खाटेवर होतो. दिवसभर.

तिला ते कळेना. म्हणाली उद्या खाली बसून पूर्ण ऐकते, उत्तर देते —

तो माझा आवाज आहे. माझ्यातून गेलेला. तिला बोलवायला ठेवलेला.

२५

ती तासभर खाली होती. त्याच्याशी बोलत. वर आली ती भिंत धरून. पाणी मागितलं, खुणेनं —

नंतर दोन शब्द आले. हसून म्हणाली, बघा, तुमच्यासारखी झाले.

उद्या शेवटचं. मला ठाऊक आहे. वहीतली अक्षरं मी पाहिलीत.

२६, सकाळी पावणेआठ

तिच्याआधी उतरलो. सतरा पायऱ्या, बसत बसत. वर परत चढवणार नाही आता.

नोंदवही फाडली. त्या जागी रोजनिशीचं हेच पान उघडं ठेवतो. ती आधी हे वाचेल.

काटा अडुसष्टवर. कुरकुर सुरू आहे. मांडणीमागून माझा आवाज —  ये, वाच, ये —

चपला वाजतात. तिसरी पायरी. चौथी.

ऐक. तू मोठ्यानंच वाचशील. एकेक शब्द तुझ्यातून जाईल. म्हणून थोडकंच.

जन्मभर लोकांना सांगितलं, तोंड उघडा. तुला एकच सांगतो. तोंड मीट. वर जा.

पुढचं लिहीत नाही, कारण तू ते वा