लॉण्ड्री शब्दाचं मूळ आणि चौदा पांढरे शर्ट

२ जानेवारी, सकाळी ७
नव्या वर्षाचा संकल्प: धंदा वाढवणे. समोरच्या लॉण्ड्रीत रिजवाननं धुवायचं मोठं मशीन आणलंय, आणू दे. मशीन त्याच्याकडं, ज्ञान माझ्याकडं. काल दिवसभर मोबाईलवर वाचलं. लॉण्ड्री हा शब्द लॅटिन 'लावारे'पासून निघाला. लावारे म्हणजे धुणं. तिथनं तो फ्रान्सला गेला, मग इंग्लंडला. एवढा खानदानी शब्द आमच्या पाटीवर तीस वर्षं लटकतोय आणि अख्ख्या कोल्हापुरात कुणाला पत्ता न्हाय.

३ जानेवारी
गिऱ्हाइकांना मूळ सांगायला सुरुवात केली. गुंडू तलाठी म्हणाला, आधी माझी पँट द्या. अडाणी. बायको बनाबाई म्हणते, आठवड्यात सात गिऱ्हाइकं समोर गेली, दुकान मोडलं तर खायचं काय. तिला लांबचं दिसतच न्हाय.

५ जानेवारी
आयडिया! कुणाचा कपडा ते कळायला कॉलरच्या आत शाईनं गिऱ्हाइकाची खूण घालतो, ती जागा म्हणजे फुकटची जाहिरात हाय की. पतसंस्थेच्या संचालकांचे चौदा नवे शर्ट आलेत, एकाच ताग्यातले, रविवारच्या सभेसाठी. खुणेऐवजी प्रत्येकावर सुवाच्य 'लावारे' घातलं. बनाबाई पेठ वडगावला माहेरी गेलती, न्हायतर आडवी आली असती.

६ जानेवारी
शर्ट धुतले. शाईचं एक अक्षर हललं न्हाय. क्वालिटी!

संध्या. ५
बनाबाई आली. चेअरमनांचा शर्ट कुठला, विचारलं. म्हणालो, सगळ्यांवर लावारेच हाय. तिनं चौदा कॉलरी एकेक उलटून बघितल्या. भांडली न्हाय. मला जरा भ्या वाटलं.

७ जानेवारी, रविवार
सभेआधी शर्ट अंदाजानं वाटले. चेअरमनांचं पोटावरचं बटण लागंना. बारक्या संचालकांच्या बाह्या बोटांच्या खाली. स्टेजवरच अदलाबदली, सभासद हसून बेजार. चेअरमन दुकानात येऊन लई बोलले. मी शांतपणे फ्रान्सचा भाग सांगितला. विचार करतील.

१५ जानेवारी
आठ दिवस गिऱ्हाईक न्हाय. वाचनाला निवांतपणा मिळतोय. बनाबाई सकाळी जाते, संध्याकाळी येते, कुठं ते सांगत न्हाय. अंबाबाईला जात असावी, माझ्या यशासाठी.

२ फेब्रुवारी
घरात धुतलेला एक शर्ट न्हाय. माझी इस्त्री महिनाभर थंड, एकट्यासाठी कोण पेटवणार? रुमाल तोंडावर घेऊन रिजवानकडं गेलो. काउंटरला बनाबाई! दोन शर्ट, एक पँट तिनं मोजून घेतली. हळूच म्हणालो, चल, आपलं दुकान उघडू, आता न्हाय करणार असं. तिनं पावतीबुक पुढं ओढलं.
"नाव सांगा, पावणं."
सांगितलं.