पहिला घाव घरधन्याचा

प्रिय भावा गोतिए,

हे पत्र एमेरी पाद्रीबाबा लिहून देतायत, मी नुसती बोलतेय. शिव्या गाळीन म्हणाले. म्हटलं गाळा, पण मग अर्धा कागद कोराच जाईल. तू पंचांत बसतोस, तुझ्यापर्यंत माझा आवाज पोचत नाही, म्हणून हा खटाटोप. वेशीतून तुझ्या दारापर्यंत तीनशे पावलं आहेत रे. तीनशे पावलांवर पत्र पाठवावं लागतंय मला!

तुझी दवंडी ऐकली. राजाची फौज नदीकडे निघालीय म्हणे, तेव्हा तटाबाहेरची सगळी घरं आठ दिवसांत पाडायची, म्हणजे शत्रूला आडोसा मिळायला नको. कुठला राजा, तेही दवंडीवाल्याला सांगता येईना. बरोबरच आहे म्हणा. या तीरावर एक राजा, त्या तीरावर दुसरा, आणि दोघांनाही आपलंच गाव हवं. आजवर आमचं घर तीनदा पडलं, गोतिए. शत्रूने एकदाही पाडलं नाही. तिन्ही वेळा आपल्याच माणसांनी पाडलं. शत्रू आला तो एकदाच, पलीकडच्या काठावर तीन दिवस तंबू ठोकून बसला, त्याला हगवण लागली आणि गेला. कुंपणानेच शेत खाल्लं, दुसरं काय!

पहिल्यांदा पाडलं तेव्हा तू पाच वर्षांचा होतास. रीतीप्रमाणे दवंडीवाल्याने बाबांच्या हाती कुऱ्हाड दिली, त्यांनी चौकटीवर पहिला घाव घातला, आणि मगच माणसांनी घराला हात लावला. घरधन्याने राजीखुशीने घर दिलं, असं झालं म्हणजे. पुढे कुणी तक्रार करायची नाही. बाबांनी घाव घातला आणि वळून नदीत हात धुतले. तू माझ्या कडेवर होतास आणि हसत होतास, तुला गंमत वाटली होती. पुढच्या दोन्ही वेळा तुझ्या जागी माझा नवरा तिबो पुढे झाला. एकदा तुला ताप होता. एकदा तुझी पंचांची बैठक होती. त्याने एका शब्दाने तुला बोल लावला नाही, तो माझ्यासारखा नव्हता.

घर फिरलं की घराचे वासेही फिरतात म्हणतात. माझे वासे तर चालत तुझ्या तबेल्यात गेले. तटाला लाकूड हवंय म्हणून नेले होते ना? बाबांनी कोरलेली खूण आहे त्यावर, मी ओळखली. तेव्हा बोलले नाही, आता बोलते. तिबोने पावसात पुन्हा घर उभं केलं, खोकत खोकत. ही चौकट त्याचं शेवटचं काम. नाताळाच्या आदल्या दिवशी गेला.

आणि आता कातडी कमवायची कुंडं भरलेली आहेत. चाळीस कातडी वर्षभर ओकच्या सालीत मुरतायत. संत मार्टिनच्या सणाला निघतील, पाच आठवडे राहिले. आज काढली तर कुत्रीसुद्धा हुंगणार नाहीत. तुला हे मी सांगायला हवं? बारा वर्षं तू याच कुंडांत गुडघाभर उतरला आहेस. आता तुझी बायको माझ्या कपड्यांचा वास येतो म्हणून खिडकी उघडते, ते सोड. ही कातडी गेली की हिवाळ्यात माझ्या चुलीवर काय ठेवू, तटाचे दगड?

काल तुझी माणसं आली. दवंडीवाल्याने कुऱ्हाड माझ्यापुढे धरली. मी घेतली नाही. म्हटलं, मी घरधनीण नाही. बाबांनी घर मुलाच्या नावावर केलंय, मी नुसती राहते आणि राबते. माझा नवरा साल्याच्या जागी उभा राहायचा, तो आता मातीत आहे. माणसांनी आणलेल्या पहारी पुन्हा खांद्यावर टाकल्या. घरधन्याच्या घावाआधी हात लावला तर ती लूट ठरते, तसा नियम तुम्हीच लिहून ठेवलाय. रिकाम्या हातांनी परत गेली बिचारी. कुऱ्हाड इथेच राहिली.

म्हणून हे पत्र, गोतिए. दुसऱ्या कुणाला पाठवू नकोस. तू ये. वेशीबाहेर पाऊल टाक, आधी कुंडांवरची झाकणं उचलून बघ, हात घालून बघ. मग पंचांपुढे जाऊन पाच आठवडे मागायचे की नाही, ते तुझं तू ठरव. नसतील मागायचे, तर तिबोची चौकट समोरच आहे. मी अडवणार नाही, रडणारही नाही. कुऱ्हाडीला धार लावून दाराशी टेकवून ठेवली आहे. फक्त घाव घालताना या वेळी हसू नकोस.

तुझीच, तुला कडेवर घेतलेली,
एर्सांद