लाकडी पात्याचं म्यान

मी, खाली सही करणारा, पाणीपुरवठा खात्यातला निवृत्त मीटरवाचक, हे मृत्युपत्र कुणाच्याही दबावाखाली न येता, पूर्ण शुद्धीत आणि राजीखुशीने लिहीत आहे. डोकं ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. हात ठिकाणावर नाहीत, त्याचा दाखला हे अक्षरच देईल.

कलम एक. याआधी मी केलेलं मृत्युपत्र आजपासून रद्द समजावं. त्यात राहत्या घराचा अर्धा हिस्सा थोरलीला, म्हणजे माझ्या मुलीला, आणि अर्धा धाकट्याला, म्हणजे मुलाला दिला होता. धाकटा परत येईपर्यंत घर विकू नये, अशी अटही घातली होती. ती का काढून टाकली ते पुढे येईल.

कलम दोन, वारस. पत्नी हयात नाही. मुलगी हयात आहे, दवाखान्यात नर्स आहे, आणि हे लिहिताना तिला मी मुद्दाम बाहेरच्या खोलीत बसवलं आहे. मुलगा मालवाहू जहाजावर स्वयंपाकी होता. एका बंदरात उतरला तो परत चढला नाही, एवढंच कंपनीच्या माणसाने फोनवर सांगितलं. त्याला बरीच वर्षं झाली. वकीलसाहेबांनी विचारलं, "काय लिहायचं? हयात की मयत?"

मी म्हटलं, "मधलं काही नाही का?"

"काका, कायद्यात मधलं नसतं. कोर्टात अर्ज करा, मयत जाहीर होईल. सगळं सुटसुटीत."

अर्ज त्यांनी तयारच ठेवला होता. मी पेन हातात घेऊन बसून राहिलो, आणि मग त्यांच्यासाठी चहा मागवला. तेव्हा या मृत्युपत्रात त्याच्या नावापुढे 'ठाऊक नाही' असं लिहावं. कायद्याला चालो वा न चालो, मला दुसरं काही येत नाही.

कलम तीन, हत्यारं. निवृत्तीनंतर माणसं फिरायला लागतात. मी नोकरीभर दारोदार फिरलोच होतो, म्हणून बसायला शिकलो. कोपऱ्यावरच्या मोच्याने मला कातड्याला भोकं पाडायची आरी धरायला आणि एका दोऱ्याला दोन्ही टोकांनी सुया लावून शिवायला शिकवलं, आणि मी सुऱ्यांची म्यानं करू लागलो. पोटासाठी नव्हे, निव्वळ हौस. पत्नी म्हणायची, "घरात धड एक सुरी कापत नाही, आणि ह्यांचा म्यानांचा बाजार बघा." आमचं वाजलं की ऐकवायची, "एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत. तुम्हाला तरी हे कळायला हवं." कळत होतं. तरी राहिलो, आणि चांगले राहिलो.

कातडं कापायची रापी, सगळ्या आऱ्या, मेणाचा दोरा आणि उरलेलं कातडं मोच्याला द्यावं. तो साक्षीदार होणार होता, पण त्याला काही मिळणार म्हटल्यावर वकीलसाहेबांनी त्याला बाद केलं. तो म्हणाला, "हत्यारं नकोत मला, सही करतो." मी म्हटलं, "सही कुणीही करेल बाबा, हत्यारं तू घे." शिवताना कातडं धरायचा लाकडी चिमटा मेव्हण्याने उसना नेला आहे आणि आणून द्यायचं तो नेमाने विसरतो. तो चिमटा मी त्याला भेट देत आहे. आता त्याला विसरायलाही काही उरलं नाही. वरच्या मजल्यावरच्या बाईंनी कातड्याच्या तेलाचा वास येतो म्हणून इमारतभर बोंब मारली होती. उरलेलं तेल त्यांना द्यावं. डबा गळका आहे.

कलम चार, एक म्यान. हे इतर म्यानांत मिसळू नये. धाकटा शेवटचा घरी आला तेव्हा त्याची कामाची सुरी घेऊन आला होता. म्यान करताना भिजवलेलं कातडं त्या सुरीवरच दाबून वाळवतात. वाळलं की ते त्या सुरीचंच होतं, दुसरी कुठलीही त्यात नीट बसत नाही. वाळायला वेळ लागतो आणि त्याला निघायची घाई. दारातून म्हणाला, "बाबा, सुरी राहू द्या तुमच्याकडे. पुढच्या खेपेला दोन्ही नेतो."

आता यातली अडचण कुणीही म्यान करणारा सांगेल. सुरी म्यानात ठेवून दिली तर कातडं ओल धरतं आणि पातं गंजतं. सुरी बाहेर ठेवली तर रिकामं म्यान हळूहळू आवळत जातं. दोघांना एकत्र ठेवता येत नाही आणि वेगळंही ठेवता येत नाही. मी सुरीला तेल लावून कागदात गुंडाळली, आणि त्याच मापाचं लाकडी पातं तासून म्यानात घातलं. दर पावसाळ्यानंतर काढतो, पुसतो, परत घालतो. तो आला की सुरी सरकन आत जायला हवी, एवढंच माझं म्हणणं होतं.

कलम पाच, घर. थोरलीला दुसऱ्या गावच्या दवाखान्यात मोठ्या हुद्द्यावर बोलावणं आलं होतं. ती गेली नाही. म्हणाली, "तो आला आणि दाराला कुलूप दिसलं तर?" मी तिला एकदाही म्हटलं नाही की जा. तसं बोलावणं आता पुन्हा आलं आहे. आधीचं मृत्युपत्र मी तिला वाचायला दिलं. तिने ते शेवटपर्यंत वाचलं, घडी घातली आणि म्हणाली, "म्हणजे बाबा, तुमच्यामागे ते लाकडी पातं मी."

आवाज चढवला नाही तिने. मला फार वाईट वाटलं, आणि अजून वाटतं आहे.

म्हणून हे घर, आतल्या सामानासकट, आणि बँकेत जे असेल ते, सगळं थोरलीचं. तिने राहावं, विकावं, कुलूप लावून जावं. कुणाला विचारू नये. धाकटा आलाच तर तो बहिणीला शोधत येईल, भिंतींना नाही. हे वाक्यही तिचंच आहे. माझा त्यावर विश्वास बसला असं नाही, पण माझ्याकडे याहून बरं काही नाही.

कलम सहा. धाकट्याची सुरीही थोरलीने घ्यावी आणि वापरावी. कांदा चिरावा, धार लावावी. धार लावून पातं झिजेल, झिजू द्यावं. म्यानातलं लाकडी पातं तिने काढून टाकावं. मी स्वतः काढून बाजूला ठेवून पाहिलं, पण झोपण्याआधी उठून परत घातलं. माझ्याच्याने होत नाही, म्हणून तिला सांगतो आहे. पुढे म्यान आवळेल. तो तिचा दोष नाही, कुणाचाच नाही, कातडं तसंच असतं.

धाकट्या, तू हे कधी वाचलंस तर सुरी ताईकडे आहे. म्यानात बसेल असं आता सांगता येत नाही.

हे सगळं मी स्वतः लिहिलं, वाचून पाहिलं, आणि खालच्या दोघांसमोर सही केली.

सही : (हात थरथरतो म्हणून शेजारी अंगठाही)

साक्षीदार पहिले : डॉक्टर, ज्यांनी दाखला दिला
साक्षीदार दुसरे : खालच्या दुकानातले न्हावी, ज्यांनी सहीच्या वेळी माझं मनगट धरलं, पेन नाही

ठिकाण : राहतं घर, म्यानांचं टेबल
तारीख : आजची. आकड्यात वकीलसाहेब लिहितील. थोरलीला आता आत बोलवा.