अस्तरातलं बटण

प्रिय टाचणी,

हे नाव वाचून तुझ्या कपाळाला आठी पडली असेल. आता तू एका मुलीची आई आहेस, तरी मला दुसरं नाव सुचत नाही. दुकानात रांगत रांगत तू जमिनीवरच्या टाचण्या वेचायचीस आणि कुणी काढून घ्यायला आलं की त्यालाच टोचायचीस, म्हणून ते पडलं. सात वर्षांत मी तुला एक ओळ लिहिली नाही. आज लिहायला बसलोय तर इतकी खाडाखोड झालीय, की गिऱ्हाइकाचं कापड असतं तर वायाच गेलं असतं.

आधी आईचं सांगतो. तीन आठवड्यांपूर्वी ती न्हाणीघरात पडली. डोक्याला मार लागला, उजवी बाजू लुळी पडली आणि वाचा गेली. तुला कळवावं की नाही हेच मला कळेना, आणि त्यात दिवस गेले. डोक्यात रक्त साकळलंय म्हणतात. डॉक्टरीणबाई तुझ्याच वयाच्या आहेत, बोलायला सरळ. म्हणाल्या, ऑपरेशन केलं तर एकतर बोलायला लागतील, नाहीतर टेबलावरून परत येणारही नाहीत. न केलं तर अशाच राहतील, किती दिवस ते सांगता येत नाही. घरच्यांनी ठरवा, शुक्रवारी सकाळी सही द्या. तो कागद मशीनच्या खणात बॉबिनांवर पडलाय. रोज खण उघडतो आणि बंद करतो.

आपल्या घरात काही ठरवायचं म्हणजे काय करायचं, तुला माहीतच आहे. मी देवाला विचारायला बसलो. डोळे मिटून बायबल उघडलं आणि बोट ठेवलं, तर बोट वंशावळीवर पडलं. कुणाला कोण झाला आणि त्याला पुढे कोण झाला! तुझ्या आईचा त्यात काय संबंध? मग गिदोनाची आठवण झाली. देवाची खूण मागायला त्याने खळ्यात लोकर ठेवली होती, दहिवर फक्त लोकरीवर पडावं आणि जमीन कोरडी राहावी म्हणून. मी लोकरीच्या कोटाचा एक तुकडा अंगणात ठेवला. सकाळी लोकर ओली, जमीन ओली, पायरीसुद्धा ओली. शेजाऱ्यांचा नळ गळत होता. स्वप्नाची वाट पाहिली, तर स्वप्नात पोस्टमास्तर आले आणि पँट ढगळ झाली म्हणून माझ्याशी भांडून गेले. पाळकसाहेबांना विचारलं. ते म्हणाले, तुम्हीच आम्हाला सांगत आलात, तुम्हाला आम्ही काय सांगणार? हसू येतंय ना? मलाही आलं असतं.

शेवटी काळा कोट काढला. लहानपणी तू विचारायचीस, बाबा, या खिशात काय आहे? मी सांगायचो, मुख्य याजकाच्या ऊरपटात उरीम आणि थुम्मीम नावाचे दोन खडे असायचे, त्यांवरून देवाचा कौल कळायचा, तशी माझी ही दोन बटणं. पांढरं निघालं तर हो, काळं निघालं तर नाही. चर्चच्या मंडळीतले लोक कौतुकाने म्हणायचे, शिंपीमास्तर खिशात हात घातल्याशिवाय पाऊल टाकत नाहीत. मला ते फार आवडायचं, हेही आज सांगून टाकतो.

खिशात हात घातला तर एकच बटण. काळं. कोपऱ्यात बोट घातलं तर ते आरपार गेलं. आयुष्यभर लोकांचे खिसे शिवले आणि माझ्याच खिशाला भोक! अस्तर उसवलं. खाली, पार दुमडीत, पांढरं बटण धुळीच्या गोळ्यात अडकून बसलं होतं. किती वर्षं, कोण जाणे. तू घड्याळजीशी लग्न करायचं म्हणालीस, तेव्हा काळं निघालं. घड्याळजी चांगला मुलगा होता, माझं भिंतीवरचं घड्याळ त्यानेच दुरुस्त केलं होतं, ते अजून चालतंय. तरी मी म्हणालो, देव नाही म्हणतोय. तू म्हणालीस, देवाला विचारलंत, मला कुठे विचारलंत? आणि निघून गेलीस. तेव्हा पांढरं खिशात होतं की नव्हतं, मला खरंच माहीत नाही.

पण तुझ्या बाळंतपणाच्या वेळचं मला माहीत आहे. आईने तुझ्याकडे यायला पिशवी भरून दाराशी ठेवली होती. मी खिशात हात घातला आणि बोटांना एकच बटण लागलं. शिंप्याची बोटं आहेत ही, अंधारात सुई ओवणारी, ती चुकत नाहीत. दुसरं कोपऱ्यात असेल, असं मी मनाला सांगितलं आणि शोधलं नाही. तुझ्यावरचा राग गेला नव्हता. काळं बाहेर काढलं आणि तिला दाखवलं. ती बरं म्हणाली. पिशवीतली बाळाची दुपटी एकेक करून कपाटात ठेवली. तू तिकडे एकटी बाळंत झालीस आणि मी इथे मंडळीत उभं राहून देवाच्या इच्छेवर बोललो. पोरी, देवाने काही सांगितलंच नव्हतं. मीच बोलत होतो, त्याचं नाव घेऊन.

काल दवाखान्यात मी हे सगळं आईला सांगितलं. तिला सगळं समजतं, डॉक्टरीणबाई म्हणतात हो असेल तर एकदा हात दाबायला सांगा. मी तिचा डावा हात धरला आणि विचारलं, ऑपरेशन करायचं का? लग्नाला बेचाळीस वर्षं झाली, तिला विचारलेला हा माझा पहिलाच प्रश्न असावा. तिने हात दाबला नाही. माझी मूठ उघडली आणि आत चाचपडून पाहिलं. बटण शोधत होती गं ती. मी परत विचारलं, तिने परत मूठ उघडली. सांगूनही तिला पटत नाही, की आता तिचंच ऐकायचं आहे. मी तिथून उठून बाहेर आलो, जिन्यात बसून रडलो.

म्हणून हे पत्र. इस्त्रीवाला आज तुझ्या गावाकडे निघालाय, त्याच्याच हाती देतोय. मला माफ कर असं म्हणायचं तोंड नाही, ते तू नंतर बघ. पण शुक्रवारच्या आत ये. छोटीलाही आण, आजीने तिला अजून पाहिलेलं नाही. तू आईचा हात धर आणि तूच विचार. तुझ्या हातात ती बटण शोधणार नाही. ती जे सांगेल त्यावर मी सही करीन. दोन्ही बटणं या पाकिटात घातली आहेत. फेकून दे, नाहीतर छोटीच्या फ्रॉकला लाव, पण मला परत देऊ नकोस.

वाट पाहणारा, तुझाच
बाबा