वगळलेली मुलाखत

सौंदड,
१६ नोव्हेंबर २०१४

प्रिय रुचीताई,

नमस्कार. इकडे सर्वजण बरे आहेत. धानाची कापणी आटोपली, आता खळ्यावर मळणी, चुरणे सुरू आहे. आईचे गुडघे दुखतात, तरी ती शेतावर, बांधीत जायचे सोडत नाही. फोन करावा असे पुष्कळदा वाटले. परंतु फोनवर माझा आवाज फुटत नाही, हे तुला ठाऊक आहे. म्हणून तुमच्या संस्थेच्या पत्त्यावर, तुझ्या मैत्रिणीच्या, मोनूच्या नावे हे पत्र पाठवीत आहे.

प्रथम कामाचे सांगते. गोंदियाच्या दवाखान्यात मी घेतलेली तुझी मुलाखत माझ्या प्रबंधातून वगळली आहे. ध्वनिमुद्रणही पुसले. तू इतके मोकळेपणाने बोललीस आणि मी ते सारे बाजूला ठेवले, याचा राग धरू नकोस.

तृतीयपंथी व्यक्तींच्या मानसिक आरोग्यावर मी संशोधन करते, हे गावात कोणालाही माहीत नव्हते. सर्वांना मी ‘मानसशास्त्र’ एवढेच सांगत आले. मी दहावीत असताना तू घर सोडलेस. त्यानंतर दिसलीस ती एकदम त्या खोलीत, निळ्या साडीत, आईसारखाच पदर खोचलेली. मी कागदांत तोंड खुपसले. दारातून मोनू म्हणाली, “ओ स्कूलवाली मॅडम, कागज से बात करोगी क्या? इनसे करो, ये तो रेडियो है!”

मी ओळख देणार, तोच तू म्हणालीस, “विचारा मॅडम, लाजून काऊन राहिल्या?”

नाते उघड झाले तर माझी अडचण होईल, असे तुला वाटले असावे. मीही ‘तुम्ही, तुम्ही’ करीत प्रश्न विचारीत गेले. आजारपणात जवळ कोण असते, यावर तू म्हणालीस, “आता मोनू राहते. पहिले लहान बहीण राहायची. तिले वाटे, पुस्तक वाचून दाखवलं का ताप उतरते.” पुढचा प्रश्न मला वाचता येईना. तू पाण्याचा ग्लास पुढे केलास.

नागपूरला माझ्या मार्गदर्शक मॅडमनी ती मुलाखत वाचली. म्हणाल्या, “भूमेश्वरी, सगळ्यांत मोकळी मुलाखत हीच आहे. हिच्यावर एक अख्खं प्रकरण उभं राहील.”

मी म्हटले, “मॅडम, ही वगळावी लागेल. ती माझी मोठी बहीण आहे.”

ताई, हे वाक्य मी प्रथमच मोठ्याने उच्चारले. मॅडमनी ते कागद माझ्याकडे परत सरकवले. “मग वगळावीच लागेल. पण घरी सांगितलंस का?”

घरीही सांगितले, संशोधनाचे आणि तू भेटल्याचेही. आई भात वाढत होती, ती तशीच उभी राहिली. बाबा संतापले. “याच्यासाठी पाठवलं होतं का तुले नागपूरले?” आईने हळूच विचारले, “थो बरा आहे ना?” मी म्हटले, “ती बरी आहे.”  ताटाकडे पाहतच बाबांनी विचारले, “लोकायले बापाचं नाव सांगते का? का टाकून देल्लं?”

याचे उत्तर मला माहीत आहे. नाव सांगण्याचे बंधन नाही, असे मुलाखतीच्या आरंभी मी तुला वाचून दाखवले होते, तरी तू ताठ बसून सांगितलेस, “रुची मोहनलाल टेंभरे.” स्वतःचे नाव तू नवे घेतलेस, बाबांचे मात्र ठेवलेस.

परंतु मुलाखतीत ऐकलेले अभ्यासाबाहेर कोणालाही सांगणार नाही, असे वचन मी तुला दिले होते. मुलाखत वगळली तरी वचन राहतेच. मी गप्प राहिले. मी नेहमीच गप्प असते, त्यामुळे बाबांनी त्याचा अर्थ ‘नाही’ असा घेतला आणि अर्ध्या ताटावर हात धुतले.

परवा खळ्यावर, कोणी विचारले नसताना, ते मला म्हणाले, “मी घरात तिचं नाव काढू देल्लं नाही. थे माहं नाव काऊन ठेवन?”

‘थे’ म्हणाले, ताई, ‘थो’ नाही. मी तेव्हाही उत्तर दिले नाही. माझ्या अभ्यासात मला इतके कठीण काहीच गेले नव्हते.

एवढी एकच गोष्ट बाबांना सांगण्याची परवानगी मला दे. बाकीचे सारे माझ्यापाशीच राहील. किंवा असे कर, तूच येऊन त्यांना सांग. मी स्टेशनवर घ्यायला येईन. वाटेत कोणी विचारले, तर ही आमच्या घरची मोठी, असे मी सांगेन.

तुझ्या शब्दासाठी थांबलेली,
तुझी लहान बहीण
भूमेश्वरी